एका तासाचं कुलूप

मावशी यंत्रांशी बोलत. डोकं फिरलं होतं म्हणून नव्हे, रीत म्हणून. हॉस्पिटलच्या तळघरातलं वाफेचं मोठं मशीन संध्याकाळी बंद करताना त्या त्याच्या दारावर हलकी थाप मारत आणि म्हणत, “चला, निभावलंस हो आजचं.” नव्या मुली तोंड फिरवून हसायच्या. हसू द्यावं. माणसांचे आभार मानताना ज्यांची जीभ जड होते त्यांनी निदान मशीनचे तरी मानावेत, आणि मावशी त्यातल्याच होत्या.

त्यांचं काम साध्या शब्दांत सांगायचं तर असं. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनं होत. त्यांत वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या खाली तळघरात येत. मावशी ती हत्यारं धूत, भिंगाखाली धरून सांध्यात काही अडकलंय का ते बघत, ट्रेमध्ये ओळीने लावत, निळ्या कापडात घट्ट बांधत आणि निर्जंतुक करायला वाफेच्या मशीनमध्ये ठेवत. पूर्वी त्या वॉर्डात होत्या. तिथे एखादा पेशंट रडायला लागला की त्याच्याआधी मावशींचे डोळे वाहत, आणि मग दोघांना गप्प करायला तिसरं माणूस लागे. शेवटी सिस्टरांनी वैतागून त्यांना तळघरात धाडलं. सिस्टरांच्या मते ती शिक्षा होती. मावशींना मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. खोली उबदार होती, हत्यारं ट्रेमध्ये पडताना छान वाजत, आणि तिथे कुणी रडत नसे.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एक दिवस सिस्टरांनी तळघरातल्या सगळ्यांना उभं करून नवा नियम सांगितला. यापुढे या खोलीत काम करायचं तर सर्टिफिकेट हवं. कोर्स कॉम्प्युटरवर, घरी बसून करायचा. आधी धडे बघायचे, सराव करायचा, आणि शेवटी एकच मोठी परीक्षा.

“महिनाअखेरपर्यंत जो पास होणार नाही त्याला मी इथे ठेवू शकत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “त्याला लाँड्रीत जावं लागेल. नियम वरून आलाय, माझ्याकडे बघू नका.”

 लाँड्री रात्री चाले, फक्त रात्री. मुलगा शाळेत होता तेव्हा मावशींनी रात्रपाळ्याच केल्या होत्या, कारण दिवसा घरात कुणीतरी हवं होतं आणि रात्रपाळीचा भत्ताही हवा होता. दिवसपाळी मिळाली ती मुलगा नोकरीला लागून परगावी गेल्यावर. नशिबाची ही एक खोडच असते, ताट वाढून होतं तेव्हा जेवणारा उठून गेलेला असतो. तरीही संध्याकाळी घरी असण्याचं सुख मावशींना आता कुठे कळायला लागलं होतं, आणि ते हातचं जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

पहिली अडचण कॉम्प्युटरची. घरात एक जुना होता. मावशींनी धूळ पुसून तो लावला, त्याने एकदा ‘फट्’ केलं आणि मान टाकली. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, नुसतं बघितलं आणि परत झाकण लावलं. “मावशी, याला आता शांतपणे जाऊ द्या,” तो म्हणाला. फोनवर परीक्षेचं पान उघडेना. मोठा पडदा पाहिजे म्हणून अडून बसलं. हॉस्पिटलात एक कॉम्प्युटर होता, पण तो ऑफिसातल्या बाईंना जिवापेक्षा जवळचा. आणि शेजारपाजारी मागायला जाणं मावशींना जमत नसे. वाटीभर साखर मागतानाही त्या दारात उभ्या राहून आधी हवापाण्याच्या गोष्टी करत.

वाट काढली ती नवऱ्याने. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. ते लोकांच्या घरी फरश्या बसवत. बोलणं कमी, पण बोलले की कामाचं. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी टीव्हीखालच्या काळ्या डब्याकडे बोट केलं.

“त्या गेमच्या डब्यात इंटरनेट यायचं. पोरगा गाणी लावायचा त्याच्यावर.”

तो कन्सोल मुलाचा. त्याच्या मामाने दिलेला. मुलगा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मावशी रोज त्याच्यावरून फडकं फिरवत, एवढंच. वायर जोडली, हिरवा दिवा लागला, आणि काय आश्चर्य, थोड्या खटपटीनंतर टीव्हीच्या भल्यामोठ्या पडद्यावर कोर्सचं पान उघडलं. “सोन्या रे माझ्या,” मावशी डब्याला म्हणाल्या.

पण सोन्याचे नखरे होते. अक्षरं टाइप करायची तर पडद्यावर अक्षरांचा तक्ता उघडे, आणि हातातल्या कंट्रोलरने एकेका अक्षरावर टुणटुण उड्या मारत जावं लागे. ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द लिहिताना चहा थंड झाला. सासूबाई कोचावरून हुकूम सोडत होत्या, “खाली घे. आणखी खाली. अगं उजवीकडे, गेलीस ना पुढे!” त्यांच्या दृष्टीने ही नवी मालिका सुरू झाली होती, आणि जुन्या मालिकेपेक्षा बरी होती, कारण हिच्यात सून चुकली की लगेच लाल फुली येई.

दुसरा नखरा असा, की पान टीव्हीत पुरतं मावत नव्हतं. कडा कापल्या जात, आणि ‘पुढे’ हे बटण नेमकं पडद्याबाहेर. मावशींनी ते अंदाजाने दाबायचं ठरवलं. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी अंदाज जरा हुकला आणि अर्धवट सोडवलेली सराव परीक्षा सरळ तपासायला गेली. पडद्यावर टीव्हीएवढ्या अक्षरांत आलं, ‘आपण अनुत्तीर्ण झाला आहात.’ समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालता घालता ओरडली, “मावशी, असू दे हो! पुढच्या वेळी होईल!”

मिस्त्रींनी मग काम हातात घेतलं. ते एका ऑफिसात फरशी बदलत होते, तिथून त्यांनी टाकून दिलेला कीबोर्ड मागून आणला. जोडताच चालला. शब्दांमध्ये जागा सोडायची लांब पट्टी तेवढी सैल होती, दाबली की आत बसून राही. मिस्त्रींनी पिशवीतून दोन फरश्यांच्या फटीत घालायचा प्लॅस्टिकचा तुकडा काढला, सुरीने तासला आणि पट्टीखाली बसवला. पट्टी टकाटक उसळायला लागली. मावशींना त्या क्षणी नवऱ्याला काहीतरी बोलावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, “कीबोर्ड छान आहे हो.” मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं.

आता खरी गोष्ट. पहिल्याच दिवशी, अभ्यास रंगात आलेला असताना, पडदा निळा झाला. एक पिवळं अस्वल आलं, त्याने जांभई दिली, आणि खाली ओळ उमटली. ‘आजचा तुझा वेळ संपला. आता अभ्यास कर! उद्या भेटू.’

“अरे, अभ्यासच करतेय की!” मावशी अस्वलावर ओरडल्या. अस्वल झोपून गेलं.

हे कुलूप दुसऱ्या कुणी नाही, मावशींनीच घातलेलं होतं. मुलगा आठवीत असताना त्याचे मार्क घसरले, तेव्हा त्यांनी दुकानदाराला विचारून डब्याला मर्यादा लावली होती. दिवसाला एक तास, त्याच्यावर एक मिनिट नाही. उघडायचं तर चार आकडी नंबर, आणि तो फक्त मावशींना ठाऊक. तो आता त्यांना आठवत नव्हता. घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा झाल्या, लग्नाची तारीख झाली, सासूबाईंनी सुचवलेला त्यांच्या माहेरच्या घराचा नंबरही झाला. तीन चुकले की डबा दिवसभर रुसून बसे.

दुरुस्तीवाला म्हणाला, “सोपं आहे. सगळं पुसून टाकू. मशीन नव्यासारखं होईल.”

“आणि त्याचे खेळ?”

“ते जातील.”

“मग राहू दे,” मावशी म्हणाल्या आणि डबा छातीशी धरून घरी आल्या.

मुलाने त्यात काहीतरी गाव का शहर बांधलं होतं, रस्ते, पूल, दिवे. रोज त्या एका तासात थोडं थोडं. ते त्याचं होतं. तो नसताना त्याच्या वस्तूवर पुन्हा एकदा आपलाच हुकूम चालवायचा, हे मावशींच्याने होईना. आणि त्याला फोन करून नंबर विचारावा, तर तो त्याला कुठून माहीत असणार. खरं म्हणजे हे कारण अर्धंच होतं. त्या कुलपाचा विषयच मावशींना काढायचा नव्हता.

कारण भांडण त्याच्यावरूनच झालं होतं. मुलगा एकदाच बोलला होता, पण जिव्हारी लागेल असं. “तू स्वतः घरी थांबत नाहीस, आणि मला खेळूही देत नाहीस.” एवढं म्हणून तो जेवायला बसला होता. मावशी जेवणाचा डबा घेऊन रात्रपाळीला गेल्या होत्या. त्यावर दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत. आता तो पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता, उंच खांबांवर चढून काम करायचा. फोन करायचा, पण बापाला. आईशी ‘हो’, ‘बरा आहे’, ‘जेवलो’. मावशींनी मनाशी हिशेब मांडून टाकला होता, की आपण पोराला ना वेळ दिला ना खेळ, आणि हे त्याचं व्याज आहे.

तेव्हा अस्वलाच्या मर्जीने रोज एक तास अभ्यास होऊ लागला. आणि गंमत अशी, की तो उत्तम झाला. तास संपणार ठाऊक असल्याने मावशी इकडे तिकडे बघत नसत. सासूबाईही तोवर पाणी मागत नसत. मिस्त्री बातम्या सोडून कोचावर येऊन बसत. पाहता पाहता तिघंही शिकले. एका धड्यात आलं, की हत्यारांची बांधलेली पाकिटं मशीनमध्ये आडवी एकावर एक रचू नयेत, उभी ठेवावीत, म्हणजे वाफ सगळीकडे फिरते. मिस्त्रींनी हळूच विचारलं, “तू कशी ठेवतेस?”

“आडवी,” मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला.

पुढे आणखी वाईट होतं. पाकिटावरच्या टेपला काळे पट्टे आले की माल निर्जंतुक झाला, असं मावशी समजत. धडा सांगत होता, की पट्टे एवढंच सांगतात की पाकीट गरम झालं. आत वाफ पोचली की नाही ते पाकिटात ठेवलेली, वाफेने रंग बदलणारी कागदी पट्टी बघितल्याशिवाय कळत नाही. आतली पट्टी मावशी घालत होत्या, पण ती उघडणाऱ्याने बघावी, आपल्याला काय, अशा समजुतीने. त्या दिवशी अस्वल आलं तेव्हा त्यांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी पाकिटं उभी लावली. नेहमी एकदोन ओलसर निघायची, ती त्या दिवशी कोरडी ठणठणीत निघाली. मावशी सिस्टरांकडे गेल्या. “सिस्टर, मी इतकी वर्षं आडवी रचत होते.”

“तुम्हाला शिकवलं कुणी होतं?” सिस्टर म्हणाल्या.

“तुम्हीच.”

सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. “मग दोघी मिळून सुधारू या,” त्या म्हणाल्या, आणि दोघींना हसू आवरेना. लाँड्रीची भीती होतीच, पण त्या दिवसापासून मावशींना सर्टिफिकेट नुसतं नोकरीसाठी नको होतं. वर ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या माणसाचं आपण ते देणं लागतो, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं.

धडे संपले. उरली मोठी परीक्षा. दीड तासाची, एका बैठकीत, मध्ये थांबता येणार नाही. बंद पडली तर नापास.

मावशींनी महिना संपायच्या आदल्या दिवसापर्यंत टाळलं. रविवार होता. दुपारी त्या कन्सोलसमोर बसल्या, मग उठल्या, मग फोन घेतला. मिस्त्री उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि जाताना आपल्या आईलाही घेऊन गेले.

मुलगा फोनवर आला तेव्हा मागे वारा घोंघावत होता. “आई? काय झालं? बाबा ठीक आहेत ना?”

“सगळे ठीक आहेत. तू कामावर आहेस का? मग ठेवते.”

“खालीच आहे. बोल.”

मावशींनी एका दमात सांगितलं. परीक्षा, लाँड्री, डबा, अस्वल. “मला नंबर आठवत नाही रे. आणि पुसलं तर तुझं ते गाव जाईल. म्हणून विचारते, पुसू का? तू नको म्हणालास तर नाही पुसणार, दुसरं काहीतरी बघेन.”

“पुसायचं कशाला? तुझ्या खोलीचा नंबर आहे तो.”

“कुठल्या खोलीचा?”

“हॉस्पिटलातल्या. फोनचा जुना नंबर. ऑपरेटरला तो सांगितला की तू यायचीस फोनवर. मी रोज लावायचो ना.” वाऱ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. “आई, वर बोलावतायत. लाव तो नंबर. घाबरू नकोस, तुला सगळं येतं.” फोन बंद झाला.

हॉस्पिटलातले फोन बदलून जमाना झाला होता. पण मावशींच्या बोटांना तो नंबर आठवला. त्यांनी चार आकडे दाबले आणि कुलूप उघडलं.

मग मात्र त्यांचं डोकं सणकलं. म्हणजे पोराला ठाऊक होतं! इतकी वर्षं आपण समजत होतो कुलूप लागलंय, आणि हा पठ्ठ्या आपल्या पाठीमागे रात्रभर खेळत होता! पण रागवायला वेळ नव्हता. परीक्षेत कुणाची मदत घ्यायची नाही असं बजावून त्यांनी नवऱ्याला आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात बसवलं. सासूबाईंना एका प्रश्नाचं उत्तर दारातूनच सुचलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण बोलल्या नाहीत. हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं तप म्हणावं लागेल. मावशींनी एकटीने सगळे प्रश्न सोडवले, ‘पुढे’चं बटण दर वेळी जपून दाबलं, आणि शेवटी डोळे मिटून बसल्या. उघडले तेव्हा मिस्त्री पडद्यासमोर उभे होते.

“उत्तीर्ण आहे,” ते म्हणाले, आणि पुन्हा वाचून खात्री केली. “उत्तीर्णच आहे.”

समोरच्या बाईने टाळ्या वाजवल्या. सासूबाई सुनेच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “मला सगळी येत होती हो. तुझ्यामुळे शिकले या वयात.” मावशींची जीभ त्या दिवशी प्रथमच सैल झाली. सासूबाई गप्प बसल्या म्हणून आणि मिस्त्रींनी कीबोर्ड आणला म्हणून, दोघांना त्यांनी तोंडावर ‘उपकार झाले’ म्हणून टाकलं. मिस्त्री इतके संकोचले की चप्पल घालून उगीच खाली जाऊन आले.

संध्याकाळी मुलाचाच फोन आला. आईला.

“झालीस ना पास?”

“झाले. तुझ्यामुळे झाले.” मग त्यांना राहवेना. “तुला नंबर कधीपासून माहीत होता रे?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“आणि मला मूर्ख बनवलंस! मी ड्युटीवर गेले की खेळत होतास.”

“नाही आई. तू गेल्यावर कधीच उघडलं नाही.”

“खोटं बोलू नकोस. मग नंबर शोधलास कशाला?”

“उघडायलाच शोधला होता. एकदा उघडलं पण. तू ड्युटीवर जायच्या आधी. मी खेळत बसलो, तर तू बाहेर आलीच नाहीस. आतच आवराआवर करत बसलीस आणि तशीच गेलीस. एरवी बंद झालं की तू यायचीस ना, ‘झालं का रे’ म्हणत. मग निघेपर्यंत माझ्याजवळ बसायचीस. म्हणून मग मी बंद होऊ द्यायचो.”

 वॉर्डातून ज्यासाठी मावशींना काढलं होतं ते सुरू झालं होतं, आणि या वेळी त्यांनी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

“आई? आहेस ना?”

“आहे रे,” मावशी म्हणाल्या. “तू कधी येतोस ते सांग. मला आता रात्रपाळी नाही. संध्याकाळची मी घरीच असते.”